कान बुजवलेली भिंत

आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा घरात सगळ्यांना त्याच्या दाराचं फार कौतुक होतं. दार नुसतं ढकलायचं, मग शेवटचं बोटभर अंतर ते स्वतःच ओढून घेतं आणि ‘फस्’ असा मऊ आवाज करून बसतं. मला तो आवाज सहन होत नाही. मी दार जोरात आपटते आणि मुलीची बोलणी खाते. तिला मी अजून कारण सांगितलेलं नाही. दामूभाईंच्या खोलीचं दार अगदी असंच लागायचं.

दामूभाई आमच्या कारखान्यात शिफ्टचे मुख्य होते आणि बोईसरजवळच्या सरावलीत आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. रंगाच्या धंद्याला लागणारी रसायनं आम्ही बनवत होतो; ते प्लांटवर, मी लॅबमध्ये. मूळचे समुद्राकाठच्या मुरब्याचे. उंच, हाडकुळे, हाफ शर्टाच्या खिशात कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर. कारखान्यात ते मला ‘मॅडम, तुमी’ म्हणायचे आणि गेटबाहेर पाऊल पडलं की ‘बाय, तू’. मधल्या रस्त्यात भेटले तर आधी गेटकडे बघून घ्यायचे, मग ठरवायचे.

त्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांनी कधी स्क्रू पिळलेला मी पाहिला नाही. त्याचं टोक चालू पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, एवढंच त्याचं काम. मिनिटभराने निकाल यायचा. ‘बरा हाय’ किंवा ‘आजारी हाय.’ एकदा एक नवा इंजिनिअर कंपन मोजायचं यंत्र घेऊन आला होता. यंत्राच्या मते पंप ठणठणीत होता. दामूभाईंनी कान लावला आणि फळ्यावर खडूने लिहिलं, ‘आठ दिवस.’ पंप सातव्या दिवशी बसला. सगळे त्यांची पाठ थोपटत होते आणि हे गृहस्थ दिवसभर खट्टू, एका दिवसाने अंदाज चुकला म्हणून. त्या इंजिनिअरने पुढे यंत्र वापरलं की नाही ठाऊक नाही, पण पंपाजवळ जाताना तो आधी दामूभाईंचं तोंड बघायचा.

कान असा, आणि नाक मात्र मेलेलं. तीस-बत्तीस वर्षं त्या वाफांत काढल्यावर त्यांना कशाचाच वास यायचा नाही. सुक्या बोंबलाचा नाही, मोगऱ्याचा नाही, जळक्या दुधाचाही नाही. ‘नाकाने राजीनामा दिला, कान अजून नोकरीत हाय,’ असं ते सांगायचे. एका संध्याकाळी औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यातून काहीतरी सुटलं. डोळे चुरचुरायला लागले, घशात कोणी काथ्या घासतंय असं वाटायला लागलं, आणि सगळी सरावली ओले टॉवेल तोंडाला लावून हायवेच्या दिशेने पळत सुटली. दामूभाई ओट्यावर चहात खारी बुडवत बसलेले. आमच्याकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं की ही मिरवणूक कसली. शेवटी सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कॉलर धरून त्यांना ओढत नेलं. पुढे कितीतरी महिने आम्ही तो प्रसंग एकमेकांना सांगून हसत होतो. आता ते हसू आठवलं की माझी मला लाज वाटते.

पण त्यांना बेफिकीर म्हणायची कोणाची छाती नव्हती. सुरक्षेच्या बाबतीत त्यांच्याइतका खडूस माणूस साऱ्या वसाहतीत नसेल. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांचा एक दोस्त टाकीत पडलेला पाना काढायला उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही आला नाही. दामूभाई तिसरे होते. त्यांना कोणीतरी मागून कंबरेला मिठी मारून धरलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य: ‘आत माणूस, तं दाराशी माणूस.’ टाकीत कोणी उतरणार असेल तर आधी मीटर दोरीने सोडून आतली हवा तपासायची, परमिटवर सही घ्यायची आणि तोंडाशी एक माणूस बसवायचा, ज्याने आतल्यावरची नजर हलवायची नाही. नव्या पोरांना ते शिकवायचे, ‘टाकीला दार एकच असतंय. आपन आत शिरलो का तिथली हवा आपली रहात नाय.’

एकदा एक मॅनेजर घाईत होता. टाकी धुवायला रामसजन नावाचा कंत्राटी कामगार उतरायचा होता आणि मीटर दुसऱ्या प्लांटवर गेलं होतं. साहेब म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, उतरू दे. दामूभाई टाकीच्या तोंडावर जाऊन मांडी घालून बसले. मग म्हणाले, ‘साहब, पहले मैं उठूँगा, तब ये उतरेगा. और मैं तो बैठा हूँ.’ पाऊण तास बसून राहिले. मीटर आलं, दोरीने आत सोडलं आणि हातभर खाली जाताच बोंबलायला लागलं. साहेब ऑफिसात निघून गेले. रामसजन मात्र त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्या घरी मिठाईचा पुडा घेऊन यायचा आणि ओट्यावर न बसता उभ्यानेच पाणी पिऊन जायचा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे झालं ते या माणसाच्या हातून झालं. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी लिहायला बसले नसते.

दामूभाईंची आई ते लहान असताना गेली. त्यांना वाढवलं गंगाआतेने, वडिलांच्या बहिणीने. ती तरुणपणीच नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, आणि मुरब्यापासून पार वरच्या गावांपर्यंत लग्नात गायला तिलाच बोलावणं असायचं. हळदीचं गाणं, पाणी भरायचं, मांडवाचं, मुलीच्या पाठवणीचं. लग्नात जे जे घडतं त्या प्रत्येकाला तिच्याकडे गाणं होतं. लिहिलेलं एकही नाही. पंचाहत्तरीला आली तरी आवाज करवतीसारखा, गोड मुळीच नाही, पण एकदा ऐकला की चार दिवस डोक्यातून जायचा नाही. अलीकडे बोलावणी कमी झाली होती. शेवटच्या एका लग्नात कोणीतरी तिला म्हणालं, आजी, दोनच मिनिटं घ्या, डीजेवाला थांबलाय. परतताना रिक्षात ती दामूभाईंना म्हणाली की आता ही गाणी माझ्याबरोबर जातील, बरं झालं, मागे भांडण नको.

ते वाक्य दामूभाईंना लागलं. त्याच वर्षी ते निवृत्त झाले होते, हातात वेळ होता. आतेचं एकूण एक गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला. आधी मुरब्यात जाऊन फोनवर केलं. मला ऐकायला आणलं. मला तर छान वाटलं, पण ते ऐकता ऐकता कपाळाला हात लावत होते. समुद्राचा वारा, कावळे, होडीचं इंजिन. मग तिला सरावलीला आणून घरात केलं, तर ट्रक, जनरेटर, वसाहतीची अखंड घरघर. एका हळदीच्या गाण्यात त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, ‘आयकलंस? शेजारच्या देशपांड्यांच्या पान्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय.’ ते खरंच गेलेलं निघालं. पण गाणं त्यांच्या दृष्टीने वाया गेलं होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, मागची खोली आवाजबंद करायची. आठ बाय नऊची, पश्चिमेच्या अंगाची. कोणीतरी त्यांना अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवा म्हणून सांगितलं. त्यांनी शंभरेक ट्रे आणून एक भिंत मढवली, पलीकडे वहिनींना ताट वाजवायला बसवलं आणि कान लावून ट्रे नापास केले. वहिनींना ते ट्रे पुढे वर्षभर चुलीला पुरले. मग त्यांनी व्हिडिओ बघून, वाचून, भिंतीवर टकटक करून स्वतःच अभ्यास केला. मला ओट्यावर बसवून शिकवायचे. आवाज पाण्यासारखा असतो; फट मिळाली की आलाच. त्याला अडवायला दोन गोष्टी लागतात, वजन आणि बंदोबस्त. जुन्या भिंतीपुढे चार बोटं सोडून दुसरी भिंत उभी करायची, पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर जिप्समचे तक्ते. मधल्या पोकळीत काहीतरी जाड, मऊ, जड ठासून भरायचं. आणि कुठेही केसाएवढी फट ठेवायची नाही.

‘भिंतीला कान असतात म्हनतात ना बाय,’ ते म्हणाले, ‘मी तिचे कान बुजवतोय.’

दाराला बसवायला त्यांनी भंगारवाल्याकडून टाकीच्या झाकणाचं जाड रबर आणलं. चौकटीभोवती असं बेतून बसवलं की दार लोटलं की ‘फस्’. त्यांनी मला तीनदा लावून दाखवलं. मी तीनदा वा म्हटलं.

आणि पोकळीत भरायला त्यांनी आणलं फिल्टरचं कापड. कारखान्यात रसायनाचा लगदा ज्या जाड कापडातून दाबून गाळतात, ते. घोंगडीसारखं जाड, ओलं असताना दोघांना उचलत नाही. जुनं झालं की ते भंगारात जातं. दामूभाईंना याहून बरं काय मिळणार? वजन उत्तम, मऊपणा उत्तम, आणि उभी हयात त्या कापडाशी गेलेली. ते त्यांना अंगावरच्या पंच्यासारखं ओळखीचं होतं. त्यांनी तीन वेळा साबणात धुतलं, गच्चीवर आठवडाभर वाळवलं आणि चारी भिंतींत, छतात ठासून भरलं. वर जिप्सम, जिप्समवर गोंद, गोंदावर फोम, फोमवर मरून रंगाचं कापड.

जानेवारीत खोली तयार झाली. उद्घाटनाला शेजारपाजारच्या चारपाच जणांना बोलावलं होतं. एकेकाला आत नेऊन ते दार लावायचे आणि मिनिटभर गप्प बसायला सांगायचे. माझी पाळी आली. दार बसलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा वसाहतीची घरघर थांबली. शांत वाटायला हवं होतं, पण मला कोणीतरी दोन्ही कानांवर तळहात दाबल्यासारखं झालं. माझाच श्वास मला परक्याचा वाटला. आणि तो श्वास आत घेताना मला वास आला.

फार नाही, किंचित. गोडसर, मागून कडवट. लॅबच्या बेसिनपाशी रोज असायचा तोच. बाहेर येऊन मी म्हटलं, दामूभाई, आत वास येतोय हो. ते हसले आणि म्हणाले, मला तर नाय येत. वहिनी म्हणाल्या, गोंदाचा असेल, नवीन आहे ना. मीही म्हटलं, हो, गोंदाचा असेल.

गोंदाचा नव्हता. मला तेव्हाच ठाऊक होतं. वासावरून रसायन ओळखायचाच मी पगार घेत होते. मग बोलले का नाही? कारण समोर दामूभाई होते. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते खरं आहे. पण सोनाराचेच कान टोचायची वेळ आली तर कोणी टोचायचे? ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना हवा तपासायला शिकवलं त्याला त्याच्याच घरात जाऊन हवा तपासली का म्हणून विचारायचं, हे मला आगाऊपणाचं वाटलं. शिवाय सगळ्यांच्या हातात पेढे होते. मी पेढा खाल्ला आणि घरी आले.

आतेला खोली आवडली नाही. तिची अडचण दिव्याची होती. लग्नातलं गाणं दिव्यासमोरच म्हणायचं, दिवा साक्षीला असला तरच ते मंगल, असं तिला तिच्या आजीने शिकवलेलं. दामूभाईंनी आत दिवा लावायला साफ नकार दिला. चारी बाजूंनी फोम, ठिणगी उडाली तर? त्यांनी बाजारातून बॅटरीवर चालणारा दिवा आणला, प्लॅस्टिकची ज्योत लुकलुकणारा. मीही त्यांची बाजू घेतली. आगीच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते. आतेने तो दिवा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

‘ह्यो दिवा नाय, दामू. हे दिव्याचं चित्र हाय,’ ती म्हणाली. ‘बिनदिव्याचं गायलं तं ते गानं नाय, रडनं होतंय.’

पण भाच्याचा हट्ट तिने लहानपणापासून पुरवलेला. ती बसली. आठवड्यातून दोनदा दामूभाई तिला मुरब्याहून आणायचे. ती आत खुर्चीवर, समोर माईक आणि तो लुकलुकता दिवा. हे बाहेर दाराला लागून स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन. दारात वहीएवढी दुहेरी काच होती, तिच्यातून नजर आतेवर. म्हणजे बघा, आत माणूस आणि दाराशी माणूस. त्यांचा नियम ते घरातही पाळत होते, फक्त तो नियम पाळायला लावणारी जागा आपण घरात बांधली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खोलीत एसी होता, पण त्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून तो बंद. आणि आतेला ताकीद होती की दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, म्हणजे नंतर तुकडे वेगळे करायला सोपं जातं.

थंडीत सगळं नीट चाललं. तीसेक गाणी झाली. दामूभाई मला ऐकवायचे, आणि खरं सांगते, अंगावर काटा यायचा. ओठ उघडण्याआधी जिभेचा होणारा बारीक ‘चट्’ आवाज, ओळ संपताना घेतलेला श्वास, सगळं असं स्वच्छ की आते आपल्या मांडीला मांडी लावून बसलीय.

मार्चपासून ऊन तापलं. दुपारी पश्चिमेची भिंत हात टेकवेना इतकी गरम व्हायची. आते गाऊन बाहेर आली की ओट्यावर डोकं धरून बसायला लागली. एकदा मी कामावरून येताना तिला तसं पाहिलं. विचारलं, तर म्हणाली की डोकं धरतंय, पोटात ढवळतंय, आणि मुरब्याला गेलं की दुसऱ्या दिवशी आपोआप उतरतं. तिच्या मते ते बिनदिव्याच्या गाण्यामुळे होतं. दामूभाईंच्या मते उन्हामुळे. मला जानेवारीतला तो वास आठवला.

या वेळी मात्र मी बोलले. म्हटलं, दामूभाई, ते कापड आपल्याच प्लांटवरचं होतं ना? तीनदा धुतलं तरी त्याच्या पोटातलं जात नाही. मी लॅबमधून मीटर आणते, एकदा खोलीची हवा बघू. ते मग हसले.

‘घराला कसलं परमिट, बाय?’

तो शुक्रवार होता. मी म्हटलं, नसू दे परमिट, मी सोमवारी मीटर आणते, तोवर आतेला आत बसवू नका. ते म्हणाले, बरं, आण. पुढचं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी दोनदा सांगायला हवं होतं. दार अडवून बसायला हवं होतं, त्यांनी शिकवलं होतं तसं. मीटर शनिवारीही आणता आलं असतं. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

शनिवारी दुपारी त्यांनी पाठवणीचं गाणं घ्यायचं ठरवलं होतं. ते आतेने अगदी शेवटी ठेवलं होतं. बाकीचं बिनदिव्याचं म्हणेन, हे नाही, असं ती महिनाभर म्हणत होती. वैशाखातली लग्नं सुरू झाली होती आणि तिला एकही बोलावणं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, चल, उरकून टाकू. आधी दोन मांडवाची गाणी झाली, मग पाठवणीचं सुरू झालं. चार कडवी झाल्यावर ती थांबली. दामूभाईंना वाटलं, पुढची ओळ आठवतेय. ती नेहमीच अशी डोळे मिटून मान खाली घालायची. काचेतून ती तशीच दिसत होती. बोलू नकोस असं त्यांनीच तिला सांगितलेलं, त्यामुळे ती बोलत नव्हती यात त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी वाट पाहिली. वहिनी मागून चहा घेऊन आल्या, त्यांनी काचेतून पाहिलं आणि विचारलं, आतेचा हात असा का लोंबतोय.

आरडाओरड ऐकून मी धावले तेव्हा आतेला ओट्यावर आणून निजवलं होतं. ओठ निळसर. दामूभाई तिच्या छातीवर कान टेकवून बसले होते, डोळे मिटून. रिक्षा आली तरी ते कान काढेनात.

तिसऱ्या दिवशी बोईसरच्या दवाखान्यातच ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थकलं होतं, त्यात ऊन. मुरब्यात म्हणाले, बिनदिव्याचं गायली. दामूभाईंनी दोन्ही ऐकून घेतलं.

तेराव्यानंतर त्यांनी मला निरोप पाठवला, मीटर घेऊन ये. मी गेले. खोली त्या दिवसापासून बंदच होती. दामूभाईंनी मीटरला दोरी बांधली, वर्षानुवर्षं बांधत तशीच, दोन वेढे आणि गाठ. मला दाराशी उभं केलं. दार वीतभर उघडलं, दोरीने मीटर आत जमिनीवर सोडलं आणि दार पुन्हा लोटलं. फस्. मग त्यांनी हेडफोन कानाला लावले आणि आतला माईक चालू केला. बाहेर आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. आत मीटर बोंबलत होतं. मी तो आवाज हजारदा ऐकलाय, पण इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता.

मी रडायला लागले. म्हटलं, मला पहिल्या दिवशीच वास आला होता, दामूभाई. मी बोलले नाही. ते मला काही लावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘तू बोललीस. मला आयकू नाय आलं.’ आणि त्यांनी दोरी ओढून मीटर बाहेर घेतलं.

त्यानंतर आमची बदली पालघरच्या बाजूला झाली, आम्ही कोळगावला राहायला आलो. वर्षभराने एका रविवारी मी सरावलीला गेले. त्यांच्या मागच्या खोलीला दार नव्हतं. जिप्सम, फोम, कापड सगळं काढून टाकलेलं, जुन्या विटांवर गोंदाचे डाग. वहिनींनी आत तांदळाच्या कोठ्या आणि कांद्यांची टोपली ठेवली होती. ट्रकचे आवाज सरळ आत येत होते. दामूभाई दाराच्या जागेशी, त्याच स्टुलावर बसले होते. वजन उतरलेलं, खिशात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मांडीवर लॅपटॉप.

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावून दुसरा आपल्या कानाशी धरला. पाठवणीचं गाणं होतं. मी इतक्या दिवसांनी आतेचा आवाज ऐकत होते, मला फक्त तोच ऐकू येत होता. दामूभाई मात्र आवाज ऐकत नव्हते. ओळ संपली की ते माझ्यासमोर एक बोट उघडायचे. पुढची ओळ संपली की दुसरं. मग मला समजलं की ते श्वास मोजतायत. दुसऱ्या कडव्यानंतर बोटं भराभर उघडायला लागली. चौथ्या कडव्यानंतर गाणं थांबलं आणि नुसतं श्वास घेणं उरलं, बारीक, घाईचं, मधूनच अडकणारं, कितीतरी वेळ. पुढे दार उघडल्याचा आवाज आला, तरी त्यांनी लगेच बंद केलं नाही.

‘दुसऱ्या कडव्यापासून हाय,’ ते म्हणाले. ‘पंप असता तं मी तवाच बंद केला असता.’

वहिनी चहासाठी गूळ काढायला म्हणून आमच्या मधून वाट काढत त्या खोलीत गेल्या. दामूभाईंनी लॅपटॉप खाली ठेवला, उठले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले, आत बघत. वहिनींना डबा लवकर सापडत नव्हता. त्या बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे होते, मग पुन्हा स्टुलावर बसले.